मराठी गाण्यातला इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी गाणं आणि महाराष्ट्राचा इतिहास यांबद्दल विद्यार्थी, शिक्षक, कीर्तनाला नियमाने जाणारे आजी-आजोबा आणि परदेशात मुलांना मराठी शिकवणारे पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. कुठलाही प्रश्न आधी वाचला तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गाण्यातून इतिहास कळतो असं म्हणतात. म्हणजे नेमकं काय कळतं?

सनावळी कळत नाही. त्यासाठी कागदपत्रं आहेत. गाण्यातून कळतं ते समाज कसा होता, कोणाला बोलायची मुभा होती आणि कोणाचं बोलणं ऐकलं जात होतं. कुठलंही जुनं गाणं समोर आलं की मी तीन गोष्टी शोधतो: गाणारं कोण, ऐकणारं कोण आणि बिदागी, म्हणजे कलावंताला दिलेले पैसे, कोणाच्या खिशातून आली. तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरदाराच्या वाड्यावर गायलेली लावणी, गिरणी कामगारांपुढे तिकीट लावून झालेला तमाशा आणि कोणीच बिदागी न देता जात्यावर म्हटलेली ओवी या तिन्ही मराठीच, पण प्रत्येकीतला महाराष्ट्र वेगळा आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांत हाच धागा सापडेल.

२. मराठी गाण्याचा सगळ्यात जुना उल्लेख कुठे आहे?

कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथातला उल्लेख नेहमी सांगितला जातो. ग्रंथ बाराव्या शतकातला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असं त्यात म्हटलं आहे. राजाच्या ग्रंथात मराठी गाणं पहिल्यांदा दिसतं ते उखळाशी काम करणाऱ्या बायकांच्या तोंडी, याचं मला फार मोल वाटतं.

पुढच्याच शतकात देवगिरीच्या यादवांकडे शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्याचं घराणं मूळचं काश्मीरचं. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे अभ्यासक आजही या ग्रंथापाशी येतात. त्यानंतर १२९० मध्ये ज्ञानेश्वरी झाली, तीही ओवीतच. म्हणजे दीडेकशे वर्षांत ओवी उखळापासून गीतेच्या टीकेपर्यंत पोचली होती.

३. ओवी आणि अभंग यांत फरक काय?

जात्यावरची ओवी सैल असते. अक्षरं कमी-जास्त झाली तर गाणारी बाई ती सुरात सामावून घेते. ज्ञानेश्वरांची ग्रंथातली ओवी तिचीच बांधीव बहीण. अभंग जास्त नेमका. मोठ्या अभंगाच्या चौकात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार चरण असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. लहान अभंगात बहुधा आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. ही मापं चालता चालता, टाळाच्या ठेक्यावर, शंभर माणसांनी एकदम म्हणायला सोयीची आहेत. शेवटी ‘तुका म्हणे’ किंवा ‘नामा म्हणे’ अशी नाममुद्रा येते, त्यामुळे रचना कोणाची हे कागदाविना टिकलं. अर्थात नाममुद्रा घालून नंतर दुसऱ्यांनीही रचना केल्या. म्हणून नुसत्या मुद्रेवरून अभंग तुकोबांचाच, असं ठरवता येत नाही.

४. जात्यावरच्या ओव्यांत सासर-माहेर सोडून काय असतं? इतिहास कुठे आहे त्यात?

सासर-माहेर हाच इतिहास आहे, हे आधी मान्य करू या. लग्न, हुंडा, सवत, भावाची वाट, लेकीचा जन्म, पिकाचं नुकसान यांबद्दल खेड्यातल्या बाईला काय वाटत होतं, ते बखरीत नाही आणि दफ्तरातही नाही. ते फक्त ओवीत आहे. सीतेचा वनवास गाताना ती रामाला सरळ दोष देते आणि सीतेला आपल्यातली म्हणते. हे बोल दिवसाउजेडी चारचौघांत म्हणता आले नसते. पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीआड ते म्हणता आले.

हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या साथीदारांसह या ओव्या गोळा केल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला आणि आता पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतो. त्यात पंढरीचा विठ्ठल आहे, तसे बाबासाहेब आंबेडकरही आहेत. दलित बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या वाचल्या की चळवळ स्वयंपाकघरापर्यंत कशी पोचली होती ते दिसतं.

गावात पिठाची गिरणी आली आणि बाईचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ओवी कामाला बांधलेली होती. काम गेलं तसं गाण्याचं रोजचं निमित्तही गेलं.

५. संतांनी गाण्याचाच मार्ग का धरला?

ज्यांना पोथी हातात घ्यायची मनाई होती त्यांना गाण्याची मनाई करणं कठीण होतं, हे माझ्या मते मुख्य कारण. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, जनाबाई दासी, चोखोबा महार. चोखोबांची समाधी पंढरपूरला नामदेव पायरीजवळ, म्हणजे देवळाबाहेर आहे. त्यांना आत जाता आलं नाही, अभंग मात्र गेला. सोयराबाईंनी विटाळावर जे अभंगात विचारलं, ते त्या काळात दुसऱ्या कुठल्या रीतीने विचारता आलं असतं असं वाटत नाही.

दुसरं कारण पाठांतराचं. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली आणि तेरा दिवसांनी तरली, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याकडे श्रद्धेने पाहा किंवा चिकित्सेने, एक गोष्ट उरतेच: वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या ओठांवर होते.

आणि तिसरं, गाण्याला भाषेची हद्द कमी अडवते. नामदेव उत्तरेत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि पंजाबात घुमान इथे आजही त्यांची यात्रा भरते. एकनाथांच्या भारुडांनी आणखी वेगळं केलं. जोगवा, गोंधळ, वासुदेव, जोशी असे दारोदार येणारे लोककलाकार आणि त्यांचे गाण्याचे प्रकार त्यांनी परमार्थ सांगायला वापरले. सोळाव्या शतकातल्या रस्त्यावर कोण कोण गात होतं, याची ती यादीच आहे.

६. वारकरी कीर्तन आणि नारदीय कीर्तन एकच ना?

नाही. वारकरी कीर्तनात एक अभंग घेऊन त्याचं निरूपण होतं, मागे टाळकऱ्यांची रांग आणि पखवाज असतो, आणि श्रोते स्वतः गातात. नारदीय कीर्तनात एकटे बुवा उभे राहतात, साथीला पेटी-तबला, आधी पूर्वरंगात तत्त्वविचार आणि मग उत्तररंगात आख्यान. नारदीय कीर्तनाला गायन, अभिनय आणि विनोद तिन्ही लागतात. पुढे स्वातंत्र्य चळवळीत आख्यानाच्या जागी देशभक्तांची चरित्रं आली आणि त्याला राष्ट्रीय कीर्तन म्हणू लागले. मराठी संगीत नाटकाने याच कीर्तनाकडून साकी आणि दिंडीसारखे पदांचे छंद घेतले (प्रश्न ११ पाहा).

७. पोवाड्यात सांगितलेलं खरं मानायचं का?

पोवाडा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही, असं समजून ऐका. शाहीर डफ घेऊन, मागे तुणतुणं आणि ‘जी जी’ करणारे झिलकरी घेऊन उभा राहतो तो श्रोत्यांना वीरश्री चढावी म्हणून. त्यामुळे सैन्याचे आकडे फुगतात आणि संवाद रचले जातात.

तानाजी मालुसऱ्यांचं उदाहरण घ्या. १६७० साली सिंहगड घेताना यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा चढले, ही गोष्ट शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून आपल्यापर्यंत आली. सभासदाची बखर घटनेनंतर पंचविसेक वर्षांत लिहिलेली. तिच्यात मावळे वानरांसारखे कडा चढून गेले असं आहे, घोरपड नाही. इतिहास म्हणून सभासदाकडेच जावं लागेल. पण लोकांच्या मनात सिंहगड कसा उभा राहिला हे कळायला तुळशीदासाशिवाय पर्याय नाही, आणि तेही इतिहासाचंच काम आहे.

अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा शिवकालातलाच मानला जातो. त्यातली नावं आणि प्रसंगाचा क्रम अभ्यासकांनी गंभीरपणे घेतला आहे. म्हणजे सगळे पोवाडे एका तराजूत घालता येत नाहीत. आधी रचना घटनेच्या किती जवळची आहे ते बघायचं. आज हाताशी असलेले बरेच जुने पोवाडे इंग्रज अधिकारी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी शाहिरांकडून मिळवून १८९१ साली छापले म्हणून वाचले. तोंडी परंपरेने दोनशे वर्षं आलेला मजकूर आहे, मधे भर पडलेली असणारच.

८. शिवाजी महाराजांवरचे पोवाडे एकमेकांपेक्षा इतके वेगळे का आहेत?

कारण प्रत्येक पिढीने त्यांच्याकडे आपला प्रश्न नेला. अज्ञानदास समोर घडलेला पराक्रम सांगत होता. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली पोवाडा लिहिला त्यात महाराज ‘कुळवाडीभूषण’ आहेत, शेतकऱ्यांचे राजे. फुल्यांचा श्रोता शूद्रातिशूद्र रयत होती आणि तिला आपला राजा परत द्यायचा होता. लोकमान्य टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव सुरू केल्यावरच्या पोवाड्यांत ते परकीय सत्तेविरुद्ध लढणारे नेते झाले, आणि विसाव्या शतकातल्या डाव्या शाहिरांच्या तोंडी श्रमिकांचे कैवारी.

यातलं एकच खरं आणि बाकीची खोटी असं मी म्हणणार नाही. पण पोवाड्याखालचं साल वाचल्याशिवाय त्यावर वाद घालू नये, एवढं आग्रहाने सांगेन.

९. पेशवाईतच लावणी इतकी का बहरली?

पुण्यात पैसा आला म्हणून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फौजा दूरवरच्या मोहिमांवर जात आणि पावसाळ्यात परतत. सरदार आणि शिलेदार यांच्या हातात पैसा असे आणि वेळही. रामजोशी सोलापूरचे, अनंत फंदी संगमनेरचे, होनाजी गवळी समाजातले आणि त्यांच्या जोडीला गळ्याचे धनी बाळा, सगनभाऊ मुसलमान, प्रभाकर ब्राह्मण. एका रंगमंचावर इतक्या जातीधर्मांची माणसं एकाच भाषेत शब्दांची चढाओढ करतात, असं त्या काळात दुसरीकडे क्वचितच दिसलं असेल. सवाल-जवाब, कलगी-तुरा हे सगळं त्या स्पर्धेतूनच वाढलं.

रामजोशी आणि अनंत फंदी दोघेही पुढे कीर्तनाकडे वळले असं परंपरा सांगते. अनंत फंदींच्या बाबतीत अहिल्याबाई होळकरांच्या कानउघाडणीची गोष्ट जोडलेली आहे. ती जशीच्या तशी घडली की नाही याचा वाद सोडून द्या. कलावंताच्या अंगी तीच कला असूनही तमाशाला कमी आणि कीर्तनाला जास्त मान होता, हे ती गोष्ट नेमकं सांगते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि आश्रयदाते एका फटक्यात नाहीसे झाले. प्रभाकराने त्या पडझडीवरही रचना केली. लावणी मात्र मेली नाही. तिने गावजत्रा धरल्या, आणि मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्यावर कोकणातून-घाटावरून आलेला कामगार तिचा नवा धनी झाला. आता बिदागी वाड्यावरून नाही, तिकिटाच्या खिडकीतून येऊ लागली. पठ्ठे बापूराव (१८६८ ते १९४५) याच काळातले. कुळकर्णीपणाचं वतन असलेला हा ब्राह्मण तमाशात गेला आणि महार समाजातल्या पवळाबाईंबरोबर फड उभा केला. त्यांच्या नावाने पुढे पिढ्यान्‌पिढ्या लावण्या गायल्या गेल्या.

१०. लावणी अश्लील म्हणायची की कला? घरात यावरून वाद होतो.

आधी एक गैरसमज दूर करू. ढोलकीच्या फडावरची लावणी आणि संगीतबारीतली बैठकीची लावणी वेगळ्या. फडात गण (गणेशस्तवन), गवळण, बतावणी (विनोदी संवाद), वग (कथानाट्य) असा पूर्ण तमाशा असतो. संगीतबारीत बायकाच पार्टीच्या मालकीण असतात. बैठकीत बाई बसून गाते, एकेक ओळ दहा तऱ्हांनी अदा करून दाखवते. ज्यांनी यमुनाबाई वाईकरांना ऐकलं, त्यांना हा प्रश्न पडला नाही. त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली ती २०१२ साली, वयाच्या नव्वदीनंतर. शृंगाराखेरीज भक्तीच्या, निर्गुणी, कूटप्रश्नाच्या लावण्याही आहेत. त्या कोणी लावत नाही म्हणून ठाऊक नसतात.

माझं मत विचाराल तर, वाद लावणीच्या शब्दांवर कमी आणि ती गाणाऱ्या बाईच्या जातीवर जास्त झाला. कोल्हाटी आणि तत्सम समाजांतल्या मुलींनी पायात चाळ बांधले की लग्नाचा मार्ग बंद, हा नियम समाजाने केला आणि दूषणंही त्यांनाच दिली. विठाबाई नारायणगावकरांना दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी शेवटच्या दिवसांत औषधपाण्याची चणचण होती. लावणीला दाद द्यायची असेल, तर हेही माहीत असलं पाहिजे.

११. संगीत नाटक महाराष्ट्रातच एवढं का रुजलं?

३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं. पारशी मंडळींचा संगीत खेळ पाहून ते चकित झाले होते. पण त्यांनी वापरलेला माल घरचा होता: कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावणीच्या चाली, आणि बेळगावकडचे असल्याने कानडी वळणाची पदंही. प्रेक्षकाला गाणं ओळखीचं होतं, नवं होतं ते तिकीट काढून सभ्य कुटुंबाने ते ऐकायला जाणं.

पुढे भास्करबुवा बखल्यांनी १९१६च्या ‘स्वयंवर’ला चाली दिल्या आणि दरबारातला ख्याल, म्हणजे रागदारीतला मुख्य गायनप्रकार, मध्यमवर्गाच्या ओठांवर आला. गाडीवान, शिंपी, हमाल पदं गुणगुणू लागले. रागाचं नाव न कळता राग कळणारा श्रोता महाराष्ट्रात तयार झाला, तो असा. शास्त्रीय मैफलींना इथे आजही जी गर्दी होते तिचं मूळ मी नाटकाच्या थेटरात बघतो.

बायकांना रंगभूमी बंद होती म्हणून बालगंधर्वांनी (१८८८ ते १९६७) स्त्रीभूमिका केल्या, आणि घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या. पुरुषाने दाखवलेलं स्त्रीपण बायकांनी उचललं, यातून त्या काळच्या घरांबद्दल पुष्कळ कळतं. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं. एरवी एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या दोन कंपन्यांचे नट एका रंगमंचावर आले. केशवराव त्यानंतर काही महिन्यांतच गेले.

१२. ख्याल तर उत्तरेतून आला. मग तो ‘आपला’ कसा?

पायी जाऊन, गुरूची सेवा करून आणलेला आहे, म्हणून आपला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९ ते १९२६) यांनी ग्वाल्हेरची गायकी दक्षिणेत आणली. मराठे सरदार शिंदे ग्वाल्हेरला राज्य करत होते, त्यामुळे ती वाट आधीच मळलेली होती. कोल्हापूरला शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला, मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं उलट्या वाटेने उत्तरेत गेलं, आता शाळेच्या रूपात.

मिरजेची एक गोष्ट मला राहून राहून सांगावीशी वाटते. तिथले सतार-तंबोरे बनवणारे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी आणि भाले घडवणारे, धार लावणारे. राज्यं गेली, लढाया थांबल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा ते हात पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांवर तारा चढवू लागले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मराठेशाहीचा शेवट ऐकायचा असेल तर तो त्या तंबोऱ्यात आहे.

१३. गोव्याचं संगीत यात कुठे बसतं?

शेजारी बसतं, आत कोंबू नये. मांडो हा कोकणीतला गाण्याचा प्रकार, एकोणिसाव्या शतकात गोव्यातल्या ख्रिस्ती भाटकार (जमीनदार) घरांत बहरलेला. व्हायोलिन आणि घुमट हे मातीचं चर्मवाद्य एकत्र, पाश्चात्त्य स्वरमेळ आणि विरहाचा भाव आपल्याकडचा. चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत. ती विद्या घेऊन गोंयकार वादक मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनी उभे केले. सॅबेस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं.

पण त्याआधीचं पानही वाचा. १७३६ साली इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, हुकुमाने ख्रिस्ती झालेल्यांना लग्नकार्यात पूर्वापार ओव्या म्हणायची मनाई केली. ज्या गाण्यावर बंदी घालावी लागते ते गाणं लोक तोपर्यंत म्हणत होते, हे त्या हुकुमानेच लिहून ठेवलं. घुमट २०१९ साली गोव्याचं वारसा वाद्य झालं. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्यामुळे आता बकऱ्याचं लावतात.

गोव्याच्या कलावंत घराण्यांतून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गायिकांचा धागा मात्र थेट प्रश्न १२ मधल्या अल्लादिया खाँसाहेबांशी जुळतो. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठवली गेली.

१४. अभंग-कीर्तन म्हणजे फक्त हिंदूंचं संगीत ना?

मुळीच नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकऱ्यांत संत म्हणून मानले जातात. इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत लिहिलं. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल इथे छापलं, सुमारे अकरा हजार ओव्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती अभंग रचले आणि कीर्तनं केली. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्यू समाजाने १८८०च्या सुमारास मोझेस आणि अब्राहम यांच्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. तीच साकी, तीच दिंडी. इस्रायलला गेलेल्या या समाजातल्या वडीलधाऱ्यांना त्यातली पदं अजून येतात. लावणीतल्या सगनभाऊंचा उल्लेख प्रश्न ९ मध्ये आला आहेच.

१५. महाराष्ट्राबाहेर गेलेल्या मराठी माणसांचं गाणं टिकलं का?

तंजावर हे सगळ्यात सुंदर उदाहरण. भोसल्यांचं राज्य तिथे सतराव्या शतकापासून १८५५ पर्यंत होतं. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार तिकडे गेले आणि तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी त्यांची पद्धत घेऊन तमिळ हरिकथेला नवं रूप दिलं. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावं तिथल्या हरिकथेत रुळली. आजही तमिळनाडूतल्या भजन संप्रदायात तुकोबांचे अभंग म्हणतात, कर्नाटक संगीताच्या मैफलीतही शेवटी एखादा अभंग होतो.

मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या कोकणी-मराठी घरांत झाकरी आणि गोंधळ टिकले. कोकणातल्या जाखडी या लोकनृत्याचा ठेका तिथे ओळखू येतो.

१६. जलसा आणि तमाशा यांत फरक काय? आंबेडकरी गाणी कुठून सुरू झाली?

साचा तमाशाचा, आशय उलटवलेला. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाल्यानंतर त्याच्या कार्यकर्त्यांनी जलसे काढले. गणपतीच्या गणाऐवजी निर्मिकाचं, म्हणजे जगाच्या निर्मात्याचं, स्तवन, गवळणीतल्या छेडछाडीऐवजी शिक्षणाचा आग्रह, वगात सावकार आणि भटशाहीवर टीका. १९३०च्या दशकात नाशिककडचे भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ज्या समाजाला शतकानुशतकं तमाशात नाचायला लावलं, त्याने तोच रंगमंच आपल्या सुटकेसाठी वापरला. याला तोड नाही.

वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी हजारो गीतं लिहिली, गावोगाव फिरून गायली. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर गाण्यांत बुद्ध आले. इथे बिदागी कार्यकर्त्यांनी गोळा केलेल्या चार-चार आण्यांची होती. अजूनही १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला नवी गाणी येतात, जुनी पाठ असतात. साहित्याच्या इतिहासांनी या कवींना फार उशिरा जागा दिली, आणि अजून पुरेशी दिलेली नाही.

याच्या समांतर डाव्या चळवळीचा प्रवाह. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊंची मुंबईला आलेल्या कामगाराची गावी राहिलेल्या मैनेवरची छक्कड (लावणीचाच एक प्रकार) सुरुवातीला विरहाची लावणीच वाटते. मग लक्षात येतं की सीमाभागाविना राहिलेल्या महाराष्ट्राची ताटातूटही त्यात सांगितली आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ती रस्त्यारस्त्यावर गायली गेली.

१७. राज्यगीत कोणतं? ते कधी ठरलं?

‘जय जय महाराष्ट्र माझा’. गीत राजा बढे यांचं, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळ्यांचा. राज्यगीताचा अधिकृत दर्जा २०२३ साली मिळाला. लोकांनी तो कितीतरी आधी दिला होता.

१८. मिरवणुकीतला ढोल-ताशा शिवकालापासून आहे का?

ढोल, ताशा, हलगी, संबळ ही वाद्यं जुनी आहेत. गणवेश घातलेल्या मुला-मुलींचं, सराव करून ताल बसवलेलं पथक मात्र गेल्या काही दशकांतलं आहे. मुली कमरेला ढोल बांधून रस्त्यावर उतरल्या हा त्यातला मोठा सामाजिक बदल. त्याला शिवकालाचा आधार शोधायची गरज नाही.

१९. माझ्या आजीला ओव्या येतात. त्या कशा जपून ठेवू?

आधी मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करा, मग लिहा. लिहून घेतलेल्या ओवीतून चाल आणि श्वासाची जागा हरवते. ‘ओवी म्हण’ म्हटलं की आजीला आठवणार नाही. जातं किंवा पाटा-वरवंटा असेल तर हाताशी द्या, नसेल तर सूपभर धान्य निवडायला घ्या. हात चालू लागले की ओवी येते. शब्द सुधारू नका, बोली जशी आहे तशी ठेवा. ओवी कोणाकडून शिकली, माहेर कोणतं, कुठल्या कामाला म्हणायची, हे तिच्याच आवाजात विचारून घ्या. काही ओव्या घरातल्या माणसांबद्दल असतात. त्या बाहेर कोणाला ऐकवायच्या की नाहीत ते तिला ठरवू द्या. आणि तिच्या वयाची शेजारीण असेल तर तिलाही बोलवा. एकीने ओवी टाकली की दुसरी ती उचलते.